चौथ्या वर्षाचं पोस्टर

वसंत गजभिये कॅमेऱ्याची पेटी खांद्याला लावून वार्डात शिरला, तशा बाया आपापल्या पोरांच्या तोंडावर पदर ओढू लागल्या. दारापासच्या खाटेवरच्या बाईने आधी ओढला, मग तिच्या पलीकडचीने. बघता बघता ते शेवटच्या खाटेपर्यंत पोचलं. एक पोरगं पदराआडून खोकलं, तेवढाच आवाज.

एकोणसत्तर सालची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दर वर्षी याच सुमाराला वसंत मुलांच्या इस्पितळात यायचा. बंधुसेवा क्लबचं ते काम होतं. हा क्लब शहरातल्या व्यापारी, वकील, ठेकेदार मंडळींचा. एकमेकांना ते 'बंधू' म्हणत, कोटाला निळा बिल्ला लावत आणि दर गुरुवारी एकत्र जेवत. सहासष्ट साली त्यांनी मनावर घेतलं की मुलांच्या इस्पितळाला नवी इमारत बांधून द्यायची. त्यासाठी डिसेंबरात कस्तुरचंद पार्कवर मेळा भरू लागला. आकाशपाळणे आले, मौत का कुआं आला, बंधूंच्या बायका स्वतः भजी तळू लागल्या. आणि मेळ्याच्या आधी महिनाभर गावातल्या भिंतीभिंतींवर एक पोस्टर लागायचं. त्यावर एका आजारी लेकराचा मोठा चेहरा, खाली दोनच शब्द, 'मला वाचवा'. तो चेहरा वसंतच्या कॅमेऱ्यातून आलेला असायचा. सदरमध्ये त्याचा एका खोलीचा फोटो स्टुडिओ होता, पण या पोस्टरांमुळे त्याला लोक ओळखू लागले होते.

"काय झालं वो बायजाबाई?" त्याने वार्डातल्या आयाबाईला विचारलं. "फ्लॅशले भेतात काय ह्या?"

बायजाबाई हातातलं भांडं खाली ठेवून त्याला व्हरांड्यात घेऊन गेली. पन्नाशीची, किडकिडीत बाई. इस्पितळात तिला वीस वर्षं झाली होती.

"तुमाले खरंच मालूम नाही काय, वसंतभाऊ?"

"काय?"

"पयल्या साली तुम्ही कोनाचा फोटो काढला होता? पारशिवनीच्या बळीरामचा. मेळा सुरू व्हाच्या आधी गेला तो. दुसऱ्या साली ते मोमिनपुऱ्यातली पोट्टी. पोस्टर भितीवर होतं अन् इकडे तिले कफन घातलं. मागल्या साली तो कामठीचा. मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी." ती थांबली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "इथं आता सगळ्याइले मालूम आहे. एक बाई घरी जाते, ते दुसरीले सांगून जाते. फोटोवाला आला का लेकरू जाते म्हनतात."

वसंत हसला. हसल्यावर त्याला वाटलं, हसायला नको होतं. पोरं गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. फोटो देऊन झाला की त्याचं काम संपायचं. पुढे कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही.

"बायजाबाई, मी असं काही मानत नाही," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं. छप्पन्न साली तो एकवीस वर्षांचा असताना दीक्षाभूमीवर बापाच्या शेजारी उभा राहून त्याने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बापाने घरातले देव, ताईत, गंडे-दोरे सगळं एका टोपलीत भरून नागनदीत नेऊन सोडलं होतं. नजर लागते, पायगुण असतो, असलं काही त्या घरात पुन्हा कुणी बोललं नव्हतं.

तो परत वार्डात गेला. खिडकीपाशी एक खाट होती. तिच्यावर आठ-नऊ वर्षांची पोरगी उशांना टेकून बसली होती. तिच्या आईला पदर ओढायला उशीर झाला असावा, कारण वसंतला तिचा चेहरा पुरता दिसला. मोठे, ओलसर डोळे. डोळ्यांखाली हलकी सूज. श्वासागणिक नाकपुड्या किंचित फुलत होत्या, त्यामुळे ती आत्ता काहीतरी सांगेल असं वाटायचं. वसंतचा हात आपोआप पेटीच्या कडीवर गेला.

"नोका काढू," ती आई म्हणाली. अंजनाबाई तिचं नाव, कुहीकडच्या एका खेड्यातली. तिने हात जोडले नाहीत की ती रडली नाही. पोरीच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे येऊन उभी राहिली, बस. "माह्या गोपिकेले नोका. दुसरं कोनतंही पाहा."

दुसऱ्या सगळ्या खाटांवर पदर होते. वसंत पेटी तशीच बंद ठेवून बाहेर पडला.

क्लबचे सेक्रेटरी भैय्याजी यांचं इतवारीत कापडाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. पोस्टर पाहून दर वर्षी त्यांच्याच डोळ्यांना पहिलं पाणी यायचं. पण वसंत रिकाम्या हाताने आलेला पाहून ते गादीवरून अर्धे उठले.

"परसों छपाईचा ब्लॉक बनवणाऱ्याकडे फोटो गेला पाहिजे, वसंतराव. बिना पोस्टरचा मेळा म्हणजे काय? निव्वळ जत्रा."

"भैय्याजी, ती तिन्ही पोरं गेली. तुम्हाले माहीत होतं?"

भैय्याजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "बीमार लेकरं होती. त्याच्यासाठीच तर बिल्डिंग बांधून राहिलो न आपण? पुढली वाचतील." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "चेहरा असा आणा की बाजारात चालता माणूस थांबला पाहिजे. ते नजर तुमच्याजवळ आहे. दुसऱ्या कोणाजवळ नाही."

त्या दुपारी वसंत इंदोऱ्याला घरी जेवायला आला, तेव्हा त्याची मुलगी विशाखा शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. सात वर्षांची. दप्तर अजून खांद्यालाच होतं. एरवी ती दप्तर फेकून गल्लीत पळायची. आज बसली होती.

हा विचार कुठून आला, ते वसंतला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. त्याला एवढंच आठवत होतं की त्या क्षणी तो विचार फार शहाणपणाचा वाटला. कुठल्या आईला दुखवायला नको, बायांच्या डोक्यातलं खूळ निघेल आणि पोस्टरही होईल. फोटो म्हणजे कागद आणि चांदी. आपण हे मानत नाही, मग भ्यायचं कशाला? बायकोला, देवकीला, त्याने काही सांगितलं नाही. "विशाखाले स्टुडिओत नेतो जरा," एवढंच म्हणाला आणि पोरीला सायकलच्या दांडीवर बसवलं.

स्टुडिओत त्याने तिला भिंतीशी स्टुलावर बसवलं, खांद्याभोवती करडी चादर गुंडाळली आणि एकच दिवा बाजूने लावला. पावडर नाही, काजळ नाही, काही रंगवलं नाही.

"बाबा, मी थकली," विशाखा म्हणाली.

"अशीच राहा. हलू नको. माझ्याकडे पाहा."

तिने पाहिलं. त्याने बटण दाबलं.

संध्याकाळच्या आत त्याने फिल्म धुऊन वाळवली आणि अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला. आधी केस आले. मग डोळे. मग सगळा चेहरा पाण्यातून वर आला, आणि वसंतने चिमटा खाली ठेवला.

चारी वर्षांत असा फोटो त्याच्याकडून निघाला नव्हता.

त्याने कपाटातून मागचे तीन फोटो काढले. बळीराम, मोमिनपुऱ्याची पोरगी, कामठीचा पोरगा. त्यांच्या शेजारी ओला कागद ठेवला. चौघांचं नाक-तोंड वेगळं, रंग वेगळा, पण डोळ्यांखाली तेच काहीतरी होतं. ओठांच्या कडांना तेच. गोपिकेच्या चेहऱ्यावरही तेच होतं, म्हणून तर हात कडीवर गेला होता. वसंतने दिव्याच्या कोनाचा विचार केला, चादरीच्या रंगाचा केला. पोरगी थकली होती, म्हणून असेल. त्याने स्वतःला पुष्कळ समजावलं. पण चारही कागद तो पुन्हा पुन्हा दिव्याखाली धरून पाहत राहिला.

तरी त्याने फोटो दिला. परवाचा दिवस आला होता, आणि फोटो न देण्याचं जे कारण होतं ते स्वतःच्या तोंडाने बोलायची त्याची तयारी नव्हती. भैय्याजींनी तो हातात धरून दाराच्या उजेडात नेला. मग विचारलं, "कुठली पोरगी आहे हे?"

"वार्डातली," वसंत म्हणाला.

चार दिवसांत पोस्टर लागलं. देवकीने ते सीताबर्डीवर पाहिलं. भाजी घ्यायला गेली होती, पिशवी तिथेच सोडून ती स्टुडिओत आली. ती ओरडेल असं वसंतला वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"काहून केलं?" तिने विचारलं.

"फोटोच आहे, देवकी."

"माह्या पोरीच्या तोंडाखाली 'मला वाचवा' लिवलं तुम्ही. गावभर." तिला धाप लागली होती. "काहून केलं म्हनते मी. काय नव्हतं तुमच्याजवळ?"

वसंतने मग तिला सगळं सांगितलं. बायजाबाई, पदर, तीन पोरं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हे खूळ खोटं ठरवायचं होतं, आणि त्यासाठी आपण पोरीला पुढे केलं. देवकीच्याही ते लक्षात आलं. ती उठून गेली. त्या दिवसापासून ती विशाखाला खेळायला बाहेर सोडेना, अंथरुणावर पोरीच्या अंगाला हात लावून बसू लागली. देवकी नजर काढणारी बाई नव्हती. पण वसंतने एकदा पाहिलं, चुलीपाशी बसून ती मूठभर मीठ हातात धरून होती, आणि त्याचं काय करावं हे तिला आठवत नसल्यासारखं दिसत होतं.

भैय्याजींचा निरोप आला. उद्घाटनाच्या दिवशी पोस्टरवरच्या पोरीला स्टेजवर आणा, पाहुण्यांच्या हातून फुलं देऊ. वसंतने कळवलं, पोरगी येऊ शकत नाही, तब्येत बरी नाही. कळवताना ते खोटं होतं.

दोन दिवसांनी विशाखा उठली तेव्हा तिचा उजवा गुडघा सुजला होता. संध्याकाळी गुडघा उतरला आणि डावं मनगट दुखू लागलं. अंगात बारीक ताप होता. "पडली असशील," वसंत म्हणाला. "नाही पडली," ती म्हणाली. देवकी नवऱ्याकडे पाहत राहिली.

सकाळी त्याने पोरीला सायकलवर बसवलं आणि इस्पितळाकडे निघाला. देवकी रिक्षाने मागून येणार होती. कामठी रोडच्या पहिल्याच भिंतीवर पोस्टर होतं.

"बाबा, मी!" विशाखा म्हणाली. तिला ते आधी कुणी दाखवलं नव्हतं.

पुढच्या वळणावर दोन होती. मग टॉकीजच्या कुंपणावर ओळीने लागलेली. सदरच्या चौकात एक बाई पोस्टरपाशी थांबून डोळे पुसत होती; तिने मान वळवली, सायकलीच्या दांडीवर तोच चेहरा जाताना पाहिला आणि तिचा पदर तोंडाशी तसाच राहिला. विशाखाचं हसणं तोवर थांबलं होतं.

"बाबा, मले काय झालं हाय?"

"काही नाही."

"मग तिथं असं काहून लिहिलं?"

वसंतने पायडल जोरात मारलं. शंकरनगरला इस्पितळाच्या फाटकापर्यंत एकही भिंत सुटली नव्हती. बंधूंनी या वर्षी काम मनापासून केलं होतं.

वार्डाच्या दारात बायांनी त्याला पाहिलं, मग त्याच्या कडेवरच्या पोरीला पाहिलं. या वेळी कुणी पदर ओढला नाही. कुठूनतरी "अगं बाई, हे तं तेच," असं ऐकू आलं. बायजाबाईने येऊन विशाखाला त्याच्या हातातून घेतलं.

डॉक्टर सबनीस बुटके, चिडखोर गृहस्थ होते. त्यांनी गुडघा दाबला, मनगट दाबलं, गेल्या महिन्यात घसा धरला होता का विचारलं. देवकी येऊन पोचली होती. ती म्हणाली, "हो, धरला होता." मग त्यांनी छातीवर नळी लावली आणि ऐकत राहिले. नळी थोडी सरकवली, पुन्हा ऐकलं. त्या वेळात वसंतला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. डॉक्टरांचा चेहरा अजिबात हलत नव्हता.

"सांधेतापाने हृदय धरलंय," ते शेवटी म्हणाले. "पण नुकतंच. फार लवकर आणलंत. लोक गुडघा उतरला की विसरून जातात आणि चार वर्षांनी पोर निळं पडल्यावर येतात. तुम्हाला कसं सुचलं?"

वसंतने आदल्या संध्याकाळी स्टुडिओतून आणलेले चारही फोटो पिशवीतून काढून टेबलावर मांडले आणि जे होतं ते सांगितलं. डॉक्टर आधी वैतागले. मग एकेक फोटो खिडकीकडे धरून पाहू लागले.

"या तिघांचे कागद माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "दोघांची हृदयं संपलेली होती, एकाची मूत्रपिंडं. तुम्ही यायच्या आधीच मला माहीत होतं की ही जाणार. भैय्याजींना माणसं थांबतील असा चेहरा हवा असतो. पन्नास पोरांतून तुम्ही जाणारं पोर बरोबर उचलता. त्यात तुमच्या कॅमेऱ्याचा दोष नाही." त्यांनी विशाखाचा फोटो सगळ्यांत शेवटी ठेवला. "हिच्या चेहऱ्यात मला आत्ता काही दिसत नाही. नळीने ऐकलं म्हणून कळलं. तुम्हाला त्या दिवशी दिसलं होतं?"

"दिसलं असेल," वसंत म्हणाला. "मी तिला हलू नको म्हटलं."

विशाखाला दाखल करून घेतलं. खाट मिळाली ती खिडकीजवळच्या गोपिकेच्या शेजारची. दोघी पोरी दुसऱ्या दिवशी एकमेकींशी बोलू लागल्या. अंजनाबाई मात्र वसंतशी एक शब्द बोलली नाही. तो आला की ती खाटेच्या त्या बाजूला जाऊन बसायची.

कस्तुरचंद पार्कवर मेळा सुरू झाला. वारा तिकडून असला की आकाशपाळण्याचा भोंगा वार्डात ऐकू यायचा. मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, गोपिका गेली. तिला श्वास पुरेना, डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. देवकी विशाखाला पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

वसंत अंजनाबाईपाशी गेला. काहीतरी बोलायला हवं होतं. "बाई, मी तिचा फोटो काढला नव्हता," तो म्हणाला.

अंजनाबाई पोरीचे केस सारखे करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"पाह्यलं तं होतं न तुम्ही तिच्याकडे," ती म्हणाली. "तेवढंच पुरलं."

डॉक्टरांनी समजावलेलं सगळं वसंतला पाठ होतं. त्यातलं एक अक्षर त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

विशाखा सहा आठवड्यांनी घरी आली. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही मोठी होईपर्यंत. ती इंजेक्शनाला रडायची आणि मग गल्लीत पळायची. पोस्टरवरची पोरगी वसंतचीच, हे भैय्याजींना कळलं तेव्हा ते संत्र्यांची टोपली घेऊन घरी आले आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खरोखरीचे रडले. जाताना दारात म्हणाले, "पुढच्या साली दुसरा कोणी पाहतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्यांनी दुसरा पाहिला. पोस्टर लागत राहिलं. एकाहत्तर साली नवी इमारत उभी राहिली, आणि त्या इमारतीत पोरं वाचलीही.

वसंतने माणसांचे फोटो काढणं हळूहळू कमी केलं. लग्नात लोक त्याला बोलवत, पण वऱ्हाडात पोरं समोर आली की तो कॅमेरा खाली घ्यायचा. देवकीशी त्याचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. ती त्याच्यावर रागावलेली नव्हती. पण विशाखा जेवताना तो तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहू लागला की देवकी ताट उचलून मधे यायची.

मग एक दिवस डॉक्टर सबनीस स्टुडिओत आले. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या शाळांत जाऊन पोरांची हृदयं तपासायचं काम अंगावर घेतलं होतं. एका दिवसात तीनशे पोरं. सगळ्यांना नळी लावायला वेळ पुरत नव्हता. "तुम्ही नुसतं रांगेपुढून चाला," ते म्हणाले. "ज्याच्यापाशी थांबाल त्याला मी आधी तपासतो."

वसंत आठवडाभर नाही म्हणाला. मग गेला. पहिल्या शाळेत तो पाच पोरांपाशी थांबला, त्यांतल्या तिघांत दोष निघाला. दुसऱ्या शाळेत चौघांपाशी, आणि चौघांतही निघाला. डॉक्टर खुशीत होते. पोरं लवकर सापडत होती, इंजेक्शनं सुरू होत होती. पण ही गोष्ट गावागावांत त्यांच्या आधी पोचू लागली. वसंत शाळेच्या आवारात पाऊल टाकी, तेव्हा रांगेतली सगळी पोरं मान खाली घालून उभी असत. कुंपणापलीकडे त्यांच्या आया उभ्या असत, आणि त्यांतली कुणी बसायची नाही.

पाचव्या की सहाव्या शाळेत एक पोरगी तेवढी मान वर करून उभी होती. दोन वेण्या, गाल भरलेले, शेजारणीला कोपर मारून हसत होती. वसंत तिच्यापाशी थांबला.

डॉक्टरांनी तिला नळी लावली. मागून, पुढून, पालथी झोपवून ऐकलं. नखं पाहिली, डोळे पाहिले, पायावर बोट दाबलं.

"हिला काही नाही," ते म्हणाले. "घोड्यासारखं हृदय आहे."

वसंत हलला नाही.

"गजभिये, काही नाही म्हटलं ना. पुढे चला."

"पुन्हा एकदा ऐका," वसंत म्हणाला.

पोरगी आता हसत नव्हती. ती वसंतच्या चेहऱ्याकडे पाहत होती. कुंपणापलीकडून एक बाई धावत येऊ लागली होती. डॉक्टरांनी नळी पुन्हा कानाला लावली, पुष्कळ वेळ ऐकलं, आणि मग दोष निघालेल्या पोरांची नावं ज्या वहीत होती ती खिशातून काढून त्या पोरीला तिचं नाव विचारलं.